मगदूम बाईंचा डावा हात

मगदूम बाईंचं वाक्य संपलं की त्यांचा डावा हात आपोआप वर उठतो आणि हवेतली कुठलीशी वस्तू उजवीकडे ढकलून खाली येतो. भाजी घेताना, बसस्टँडवर गप्पा मारताना, जैन बस्तीतून, म्हणजे मंदिरातून, दर्शन घेऊन बाहेर आल्यावर चपला शोधताना, कुठंही. नवख्या माणसाला वाटतं, बाई माश्या हाकलतायत. आम्हा विद्यार्थिनींना खरं कारण ठाऊक आहे. टाईपरायटरवर ओळ संपली की डावीकडची दांडी ढकलून गाडा परत सुरुवातीला आणावा लागतो. बाईंनी जन्मभर तेच केलं. आता समोर दांडी नाही, हे त्या हाताला कोण सांगणार?

माधवनगरात पिठाच्या गिरणीच्या वर त्यांचा टायपिंग क्लास. खाली गिरणीची घरघर आणि वर आमचा खडखडाट, त्यामुळे त्या जिन्यावर गुपित बोलायची सोयच नव्हती. कापडगिरण्या बंद पडल्यावर इथल्या कितीतरी मुली हाच जिना चढून नोकरीला लागल्या. मी आज साताऱ्याच्या सरकारी कचेरीत खुर्ची अडवून बसले आहे, तीही त्याच जिन्याच्या जोरावर.

बाई आमच्या बोटांवर फडकं टाकायच्या आणि म्हणायच्या, "नजर कागदावर, बोटं घरात. मशीनकडं बघायचं न्हाई. ते काय पळून जातंय व्हय?" घर म्हणजे कळांची मधली ओळ. बोटं तिथून निघायची आणि तिथंच परतायची. पास झालेल्या मुलीने दाराजवळच्या सगळ्यात जुन्या मशीनवर बसून स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा टाईप करायचं, हा तिथला रिवाज होता. ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजायची, टिंग! मग टाळ्या, आणि बाईंच्या हातची खडीसाखर.

पुढे टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर गेली. बाईंनी कुरकुर न करता कॉम्प्युटर मागवले. ते बसवायला आलेला पोरगा भलताच शहाणा निघाला. "काकू, हे समदं नवीन असतंय. तुमाला जड जाईल," तो म्हणाला. त्या दिवशी मी तिथंच होते. बाईंनी कीबोर्ड हातात घेतला आणि लग्नात भेटलेल्या लांबच्या भाचीकडे बघावं तसा निरखला.

"नवीन? ही शिफ्ट बघ. आमच्या मशीनवर ही दाबली की अख्खा गाडा वर सरकायचा, म्हणून ती शिफ्ट. हितं काय सरकतंय? काय बी न्हाई. नाव तेवढं ऱ्हायलंय. ईमेलात सीसी करतोस न्हवं? ती कार्बन कॉपी. आमी निळा कार्बन घालून बोटं रंगवली, तवा तुजा सीसी आला. आन ह्यो एंटर म्हंजे माजी दांडी, झिजून झिजून बटन झालीया. बटनं बारकी झाली रं, पर आई-बाप त्येच हायत!"

वाक्य संपलं, हात उठला आणि नव्या कोऱ्या मॉनिटरवर आदळला. पोराने मॉनिटर झेलला म्हणून तो वाचला.

थोड्याच दिवसांत कळलं की क्लास चालवणाऱ्यालाही ही परीक्षा पास करावी लागेल, नाहीतर मान्यता जाणार आणि जिन्याला कुलूप लागणार. घरचे म्हणाले, पुष्कळ झालं, आता विश्रांती घ्या. "मी बसतो की परीक्षेला," बाई म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच 'जातो, बसतो' म्हणतात, आणि बाई म्हणाल्या म्हणजे बसणारच.

मी सुट्टीत बाईंचा सराव घ्यायला जायचे आणि जीव टांगणीला लावून परत यायचे. कॉम्प्युटरवर ओळ आपली आपण खाली उतरते, हे बाईंना कळत होतं. पण पडद्यावर ओळ कडेला पोचताना दिसली की हात उठायचाच. परत येताना बोटं भलत्याच घरात शिरायची आणि पुढचा मजकूर सगळा अगम्य व्हायचा. मी सुचवलं, हात खुर्चीला बांधू या.

"आन टायपिंग काय नाकानं करू?" बाई कडाडल्या.

परीक्षेला सांगलीला मीच त्यांना घेऊन गेले. दालनात सगळ्या नातीच्या वयाच्या मुली. मी व्हरांड्यात खिडकीशी उभी राहिले. परीक्षा सुरू होणार, इतक्यात बाईंनी पिशवीतून क्लासातलं ते जुनं फडकं काढलं आणि सरळ पडद्यावर टाकलं. पर्यवेक्षक धावत आले.

"आवं बाई, पडदा झाकला की तुमी! दिसणार कसं?"

"दिसतंय म्हणून तर हात उठतोय, सर. मशीनकडं बघायचं न्हाई, ह्ये जन्मभर मीच शिकवलं आन मीच इसरलो. उतारा कागदावर हाय, माजी नजर बी कागदावर. झाकायचं न्हाई असा काय नियम हाय?"

तसा नियम नव्हता. पर्यवेक्षक डोकं खाजवत बाजूला झाले.

मग बाईंची बोटं सुटली. असा वेग आम्ही क्लासातसुद्धा पाहिला नव्हता. ओळी येत होत्या, जात होत्या, आणि डावा हात घर सोडत नव्हता. शेजारच्या मुली आपलं टायपिंग विसरून बघू लागल्या, तेव्हा बाईंनी मान न वळवता त्यांना दटावलं, "नजर कागदावर!" वेळ संपल्यावर त्यांनी फडकं ओढलं. पडद्यावर अख्खा उतारा स्वच्छ उभा होता. खिडकीच्या गजांना धरून मी लहान मुलीसारख्या उड्या मारल्या, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

निकाल लागला, बाई पास झाल्या, क्लास राहिला. त्या संध्याकाळी आम्ही जुन्या-नव्या मुली जिना चढून वर गेलो आणि बाईंचा दंड धरून त्यांना दाराजवळच्या मशीनवर बसवलं. रिवाज म्हणजे रिवाज.

"आगं, मला कशाला?" म्हणत त्यांनी कागद चढवला आणि आपलं नाव टाईप करायला घेतलं. खालची गिरणीही तेवढ्यात थांबली. आम्ही मशीनभोवती गोळा झालो.

टिंग!

डावा हात उठला. इतके दिवस ज्याला नुसती हवाच मिळत होती, त्याला आज दांडी सापडली. गाडा खडाडत परत आला, आणि बाईंनी पुढची ओळ सुरू केली.