सैल बांधलेलं गाठोडं

वैशाखऱ्याहून निघाले त्या सकाळी गाठोडं बाने बांधलं. दोन लुगडी, एक मडकं, विळा. मी गाठ आवळायला गेले तर त्याने हात धरला. "सैलच राहू दे गो. कोनी सोड म्हनला तर येळ नको लागाया." टोकावड्यापर्यंत तो आला, पण वीस पावलं मागे राहून. मी कातकऱ्याची पोर हे कोणाला कळू नये म्हणून. वळणावर मी मागे पाहिलं, तर तो झाडामागे सरकला.

पाड्यावरच्यांनो, तुम्हाला हे नव्याने सांगायला नको. गावात काहीही हरवलं की संशय आपल्यावर. कोणी यायच्या आधीच आपली माणसं मडकी-टोपल्या अंगणात पालथ्या करून हात जोडून उभी. तरी मार चुकायचा नाही. एका कोंबडीपायी बाचा हात मोडला, तेव्हाच त्याने मला धाडायचं ठरवलं.

शहापूरला भाताच्या गिरणीत पाखडायचं काम मिळालं. दुसरी मोठी लढाई सुरू झाली ते वर्ष. मुकादमाने पहिल्याच दिवशी बजावलं, "कातकरी-बितकरी नाय चालायची इथं." मी जात कुणबी सांगितली. गिरणीमागच्या खोलीत आम्ही सहा जणी. "इतकी काळी कशी गो तू?" त्या विचारायच्या. उन्हातली कामं, मी हसून सांगायचे.

एका दुपारी शेवंताच्या पोराचा चांदीचा वाळा दिसेना. "गेला कुठं?" एवढंच ती ओरडली. कोणी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. मी मात्र गाठोडं अंगणात नेऊन सोडलं, मडकं पालथं केलं आणि हात जोडून उभी राहिले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या तेव्हा कळलं, मी काय करून बसले.

डोळखांबची काशीबाई पुढे झाली. वयाने आमच्यात थोरली. "घरी धाक लय असंल पोरीला," ती बाकीच्यांना म्हणाली. माझी लुगडी गोळा करून तिने करकचून गाठ मारली आणि कानाशी पुटपुटली, "आमच्याकडं बगितलीत मी अशी गाठोडी सोडनारी मानसं. परत सोडू नको." वाळा पोराच्या गोधडीतच निघाला.

काशीबाई शेवटपर्यंत हे कोणाजवळ बोलली नाही. तरी ती मुकादमाशी बोलताना दिसली की माझं सूप थांबायचं. जिने वाचवलं तिलाच मी वर्षानुवर्षं भ्याले. याची लाज वाटते.

शहापुरात घर झालं ना, असं तुम्ही विचारता. झालं. दाराला कडी आहे. आळीत कोणाचं काही हरवलं की मी हात पदरात गुंडाळून बसते, नाहीतर ते आपोआप गाठोड्याकडे जातील. बाने एकदा निरोप धाडला होता, येऊन जाऊ का म्हणून. माझ्यासारखाच त्याचा तोंडवळा, बघताच आळीला कळलं असतं मी कोणाची. मी कळवलं, सध्या नको. त्याने परत विचारलं नाही. त्या झाडामागून तो माझ्या दारापर्यंत कधी आलाच नाही. मी येऊ दिलं नाही.