चांगल्या बातमीचा फोन

आमच्या कावेरीला एक खोड आहे. समोर रडणारं मूल दिसलं की ती आधी खाली बसते. मग तो बसस्टॉप असो, देवळाची पायरी असो की भाजीबाजारातला चिखल. गुडघे कधीच बोलायला लागलेत, उठताना माझा हात लागतो, तरी बसते. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आल्याशिवाय त्याच्याशी बोलू नये, असं ती शिक्षकांना शिकवते, म्हणून स्वतःही पाळते. मी एकदा म्हटलं, "अगं, शिकवणारे सगळेच आपलं शिकवलेलं पाळायला लागले तर जगाचं कसं व्हायचं?" ती हसली नाही. माझ्या विनोदांना ती लग्नानंतर पहिलं वर्ष हसली, तेवढ्यात तिचा कोटा संपला.

मी वादिराज, तिचा नवरा. विमा कंपनीत होतो, आता निवृत्त आहे. आमचं घराणं बंगळुरात नेमकं कधी आलं ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडण असलं की दोन्ही, असा आमचा बनशंकरीतला कारभार आहे. कावेरीचा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर तिच्या मैत्रिणी भजनाला लागल्या, ही एका संस्थेत लागली. संस्था शाळाशाळांत जाऊन शिक्षकांना आणि आईबापांना मुलांशी वागायचं कसं ते शिकवते. मूल बिघडलं म्हणजे काय, हट्ट का करतं, गप्प का बसतं, अशा सगळ्या गोष्टी. तिच्यामागे मीही लागलो, कारण दुपारी घरी एकट्याला मला जेवण जात नाही. मी गाडी चालवतो, प्रोजेक्टरची वायर गुंडाळतो, आणि वाईट मूल होतो.

हो, वाईट मूल. प्रशिक्षणात शिक्षकांना सराव म्हणून कुणीतरी त्रास देणारं पोर लागतं. ते काम माझं. मी जमिनीवर लोळतो, वही फेकतो, "नाही करणार जा" म्हणतो, आणि तरण्या शिक्षिका मला शांत करायला धडपडतात. या कामात माझा हात धरणारा कुणी नाही. कावेरी म्हणते, तुम्हाला त्यात नाटक करावंच लागत नाही.

तर, बोम्मसंद्र्याच्या बाजूला एक शाळा आहे. नाव सांगत नाही, उगाच कशाला. आजूबाजूच्या कारखान्यांत कामाला येणाऱ्यांची मुलं तिथं शिकतात, फी बेताची, वर्ग गच्च भरलेले. जूनमध्ये तिथं कावेरीनं शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. त्यात तिचा एक लाडका धडा असतो, चांगल्या बातमीचा फोन. ती म्हणते, शाळेचा फोन घरी जातो तो एकतर फीसाठी नाहीतर तक्रारीसाठी. म्हणून मुलानं काही चांगलं केलं की त्या दिवशीही घरी फोन करा. आईबापांना कळू दे की आपलं पोर चांगलंही आहे. धडा सुंदर आहे. मी स्वतः डझनभर शाळांत तो चाललेला पाहिलाय, म्हणून सांगतो.

संपदा नावाची तिसरीची शिक्षिका होती तिथं. पुण्याची, लग्न होऊन इकडे आलेली, कन्नड अजून अडखळत बोलायची. तिला हा धडा फारच भावला. तिच्या वर्गात शिवलीला नावाची मुलगी होती. शिवलीला बाकाखाली जाऊन बसायची, वर्गातून पळायची, कुणी ओढलं तर चावायची. संपदा तिच्यावर मेहनत घेऊ लागली. पोरगी हळूहळू बाकावर बसायला लागली. एकदा तिनं शेजारच्या मुलीला आपणहून खोडरबर दिलं. संपदाला इतका आनंद झाला की मधल्या सुट्टीत तिनं ऑफिसातून शिवलीलाच्या वडिलांना फोन लावला. कुणी उचलला नाही. तिला वाटलं, असू दे, बघतील आणि करतील. मग दर चांगल्या दिवशी, पोरीला सांगून, घरी फोन लावायचा तिनं नेमच केला.

पुढं एक चमत्कारिक गोष्ट व्हायला लागली. शिवलीलाचा एखादा दिवस चांगला गेला की दुसऱ्या दिवशी ती हमखास बाकाखाली. जितकी चांगली वागायची तितकी दुसऱ्या दिवशी बिघडायची. दिवाळीनंतर तर तिनं चांगलं वागणंच सोडलं. एका मुलीला दंडाला चावली, रक्त आलं. त्या मुलीचे आईबाप हेडमास्तरांकडे जाऊन बसले. संपदा कावेरीला फोन करून रडायला लागली. "मॅडम, तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं हो मी. माझं काय चुकतंय?" कावेरीलाही काही कळेना. तिला कळत नाही असं झालं की ती माझ्यावर चिडते. त्या आठवड्यात मी घरात फार जपून वावरलो.

जानेवारीत आम्ही पुन्हा त्या शाळेत गेलो. मी एका रिकाम्या खोलीत वायर सोडवत होतो. वायरचा गुंता झाला होता, आणि मी कावेरीला मराठीतून सुनावत होतो की मागच्या वेळी वायर तू गुंडाळलीस, मी नाही, माझ्या हातची वायर अशी नसते. तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला, "तुमी आमच्यावाणी बोलतासा?"

खाली शिवलीला बसली होती. वर्गातून पळून तिथं लपलेली. तिचे आईबाप निपाणीकडचे, घरात मराठी बोलणारे. शाळेत तिच्याशी सगळे कन्नडमधून नाहीतर इंग्रजीतून बोलायचे. संपदा एवढी मराठी, पण शाळेचा नियम म्हणून वर्गात तिनं मराठीचा चकार शब्द काढला नव्हता.

कावेरी खाली बसली. टेबलाखाली डोकं घातलं. विचारलं, "इथं बरं वाटतं का गं?" पोरगी म्हणाली, हो. कावेरीनं तिथंच मांडी घातली. मी वायर सोडवत राहिलो. मग शिवलीला आपणहून म्हणाली, "आज्जी, मिसला सांगा, मी चांगलं केलं तरी घरी फोन करू नगा म्हणावं."

"का गं बाळ?"

"फोन आला की आप्पा मारतोय."

 सगळं समजलं ते असं, काही तेव्हा, काही नंतर. तिचा बाप परसू तिथल्याच एका कारखान्यात मशीनवर. आत फोन चालत नाही, कुलपात ठेवावा लागतो. संध्याकाळी बाहेर येऊन बघावं तर शाळेचा चुकलेला फोन. शाळेचा फोन म्हणजे पोरीनं काहीतरी केलं. परत फोन करायची त्याला लाज वाटायची. घरी येऊन विचारायचा, काय केलंस? ती म्हणायची, काही वाईट नाही केलं. मग खोटं बोलते म्हणून आणखी. पोरीनं आपल्या परीनं हिशेब मांडला होता. चांगलं केलं की फोन, फोन आला की मार. मग चांगलं करायचं कशाला?

परतताना गाडी मीच चालवत होतो. मला असा राग आला होता की कुणावर काढावा ते कळेना. परसूवर काढावा तर त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. संपदावर काढावा तर तिनं प्रेमानं केलं. शेवटी सिल्क बोर्डच्या सिग्नलला एका रिक्षावाल्यावर काढला. तो बिचारा म्हणाला, "स्वल्प थांबा की सार." मी थांबलो.

फेब्रुवारीत एका रविवारी कावेरीनं त्या शाळेतल्या आईबापांचा वर्ग घेतला. परसूला ती स्वतः घरी जाऊन सांगून आली होती. तो आला. किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट, मागच्या रांगेत हात मांडीखाली घालून बसलेला. कावेरीनं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पोरगी बोलली हे नाही सांगितलं, फोन चांगल्या बातमीचे होते एवढंच सांगितलं. त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, "समदे? समदेच चांगले हुते?" मग तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. वळला तेव्हा म्हणाला, "आक्का, शाळंचा फोन बघितला की मला भ्या वाटतंय. मी शाळंत हुतो तवा माझ्या बाऽला कधी चांगल्यासाठी बोलावलं न्हाई. ह्यो असला फोन असतोय ह्येच ठावं न्हवतं मला."

मग आम्ही सगळ्यांसमोर सराव केला. मी शाळा झालो, तो बाप. मी फोन करायचो, तो उचलायचा. कावेरीनं शिकवलं, आधी श्वास घ्यायचा. मग शेवटपर्यंत ऐकायचं. मग विचारायचं, मी काय करू? आणि पोरीवर हात उचलायचा नाही, बातमी कसलीही असो. त्यानं पहिल्यांदा इतका मोठा श्वास घेतला की सगळे हसले, तोही हसला. मी मुद्दाम एकदा वाईट बातमी दिली. त्यानं ऐकली, घाम पुसला, विचारलं, "मी काय करू?" कावेरी कन्नड-मराठी मिसळून म्हणाली, "सरी, बास. आलं तुम्हाला."

कावेरीनं शाळेच्या ऑफिसातही सांगून ठेवलं, परसूला फोन करायचा तो त्याच्या जेवणाच्या सुट्टीतच करा. त्यानं आपल्या सुपरवायझरला सांगून त्या वेळेला फोन जवळ ठेवायची परवानगी काढली. पुढच्याच आठवड्यात संपदानं फोन केला. शिवलीला गटात बसून चित्र काढत होती. परसूनं श्वास घेतला, ऐकलं, आणि संध्याकाळी बेकरीतून गोड खोबरं भरलेलं दिलपसंद घेऊन घरी गेला. शिवलीला दुसऱ्या दिवशी बाकाखाली गेली नाही. पुन्हा फोन, पुन्हा दिलपसंद. कारखान्यातले लोक त्याला विचारायला लागले, काय परसू, आज फोन आला का? संपदा हे सगळं आम्हाला कळवायची आणि कावेरी मला वाचून दाखवायची. त्या दिवसांत ती माझ्या एका विनोदाला हसलीसुद्धा.

मार्चमध्ये एक दिवस दुपारी संपदाचा फोन आला.  ऑफिसनं तिला न विचारता परसूला कळवलं होतं की पुढच्या वर्षी शिवलीलाला या शाळेत ठेवता येणार नाही, दाखला घेऊन जा. जिला शिवलीला चावली होती त्या मुलीचे आईबाप मागे हटत नव्हते, त्यांच्यामागे आणखी काही जमले होते. कावेरीनं लगेच हेडमास्तरांना फोन लावला. मूल सुधारतंय, आठ वर्षांच्या पोरीला असं काढता येत नाही, कायदा आहे, सगळं सांगितलं. हेडमास्तर फार गोड माणूस. म्हणाले, "काढत नाही हो मॅडम, वडील स्वतःहून नेतायत असं लिहून घेऊ. तुमचं प्रशिक्षण मात्र उत्तम झालं. जूनमध्ये पुन्हा या." मी तिच्या हातातून फोन घेऊन त्यांना चार शब्द सुनावणार होतो, तिनं दिला नाही. दिला असता तरी मी काय दिवे लावणार होतो?

संध्याकाळी परसूचा फोन आला. कावेरी भाजी निवडत होती, हात ओले, म्हणून फोन स्पीकरवर लावला. मागून रस्त्याचा आवाज येत होता.

"आक्का, जेवणाच्या सुट्टीत शाळंचा फोन आला. चांगलाच आसंल म्हणून मी समद्यांना ऐकवला, स्पीकरवर लावून. दहा माणसं डबा सोडून ऐकत हुती." तो थांबला. "मी श्वास घेतला. शेवटपातुर ऐकलं. मी काय करू म्हणून इचारलं. ते म्हणालं, दाखला न्या."

कावेरी म्हणाली, "मला कळलं, परसू अण्णा. मी हेडमास्तरांशी बोलले. पुन्हा बोलेन."

"ते तुमचं तुमी बघा. मी मारणार न्हाई, त्याची काळजी करू नगासा. पर आता बायकोचा फोन आला. आज तुझ्या आप्पाला फोन केलाय, असं पोरीला शाळंत कुणीतरी सांगितलंय. ती मघाधरनं दारात बसलीया. आज काय चांगलं केलं म्हणून इचारतीया. दिलपसंद आणा म्हणतीया." पुन्हा रस्त्याचा आवाज. "मी बेकरीम्होरं हुबा हाय. दिलपसंद घेतलंय. घरला जाऊन तिला काय सांगू?"

कोणत्याही आईबापाच्या कोणत्याही प्रश्नाला कावेरीकडे उत्तर असतं. मी वर्षानुवर्षं मागच्या खुर्चीत बसून ऐकत आलोय. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वाईट मूल व्हायला शिकलोय, मला काय ठाऊक? ती हळूहळू स्वयंपाकघराच्या फरशीवर खाली बसली, फोन मांडीवर घेऊन.

"आक्का? ऐकतासा न्हवं?"

"ऐकतेय," कावेरी म्हणाली.