बदली बाप

आमच्या घरी सोफा होता, म्हणून सगळा सिनेमा आमच्या घरी झाला. आंबिवलीच्या कामगार वसाहतीत त्या काळी सोफा असलेलं दुसरं घर नव्हतं, आणि सिनेमातला श्रीमंत बाप सतरंजीवर बसून मुलीला घराबाहेर काढू शकत नाही, असं उत्तमकाकांचं ठाम मत होतं. उत्तमकाका कारखान्यात फिटर. वसाहतीच्या गणपतीत नाटकं बसवून बसवून त्यांना वाटायला लागलं की आपण आता सिनेमाच काढावा. त्यांना वेळीच कोणी अडवलं नाही, ही आमच्या वसाहतीची चूक.

सिनेमाचं नाव ‘कन्यादानाचा सूड’. कॅमेरा जगनचा. जगन लग्नाचं शूटिंग करायचा आणि लग्नात कुणालाही कापायचं नसतं, नाहीतर मुलाकडचे रुसतात, एवढा एकच धडा तो धंद्यात शिकला होता. त्यामुळे या सिनेमातही त्याने काहीच कापलं नाही. खलनायक मरून पडलाय, तेवढ्यात कारखान्याचा भोंगा होतो आणि मेलेला माणूस मनगट वर करून घड्याळ बघतो, ते तसंच आहे. नायिकेच्या आईला हुंदका फुटला की चारी कोपऱ्यांतून गुलाबाची फुलं येतात, कारण जगनच्या हिशेबी बाईच्या डोळ्यांत पाणी म्हणजे पाठवणी आणि पाठवणीला फुलं हवीतच.

पण खरी गंमत बापाची. बापाचं काम सीतारामकाकांना दिलेलं. ते उत्तमकाकांचे जिवलग, दोघं एकाच खात्यात. अर्धं काम झालं आणि सीतारामकाकांची पाळी बदलली. त्यांना दिवसा यायला जमेना. दुसरा कुणी शहाणा माणूस थांबला असता. उत्तमकाकांनी कारखान्यात होतं तेच केलं. माणूस आला नाही तर त्याच्या मशीनवर बदली उभा राहतो, काम थांबत नाही. तसं त्यांनी मारुतीकाकांना बदली घेतलं आणि बघणाऱ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून त्यांना सीतारामकाकांचाच शर्ट घातला. सीतारामकाका बुटके आणि गोल, मारुतीकाका विजेच्या खांबासारखे. तेव्हा एकाच प्रसंगात एक बाप दारातून बाहेर जातो आणि कोपरापर्यंत बाह्या चढलेला दुसराच बाप आत येऊन पुढचं वाक्य म्हणतो. मुलगी दोघांनाही बाबाच म्हणते. कारखान्यातल्या एकाही माणसाला यात काही चुकलंय असं वाटलं नाही.

वाटलं ते बाहेरच्यांना. कल्याणला एका हॉलमध्ये खेळ लावला, तेव्हा लोक रडायच्या जागी इतके हसले की उत्तमकाका अर्ध्यातूनच मागच्या दाराने निघाले आणि सिनेमाच्या बाबतीत त्यांनी कानाला खडा लावला. पुढे सीतारामकाका गेले, कारखाना बंद पडला, कॅसेट ट्रंकेच्या तळाशी गेली. आम्ही सुटलो असं मला वाटलं.

पण उत्तमकाकांचा नातू ऋतुराज याला ती सापडली. त्याने ती कुठून तरी मोबाइलवर चढवून आणली आणि महिन्याभरात आमचा सोफा महाराष्ट्रभर पोचला. माजिवड्याला ऋतुराजच्या ऑफिसातली पोरं दर रविवारी जमून हा सिनेमा बघायला लागली. त्यांना वाक्यं पाठ. भोंगा झाला की सगळे एकदम घड्याळ बघतात. शेवटी त्यांनी सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये मोठ्या पडद्यावर खेळ ठरवला आणि दिग्दर्शक म्हणून आजोबांना बोलावलं. उत्तमकाका वरवर कुरकुरले, पण त्यांनी सफारी इस्त्रीला टाकली ते मी पाहिलं.

अडचण एकच होती, रखमाकाकू. सीतारामकाकांच्या बायकोने, म्हणजे हिने, तो सिनेमा कधी पाहिलाच नव्हता. कल्याणच्या खेळाला ती गावी बाळंतपणाला गेलेली, आणि नंतर तिने मागितला तेव्हा कॅसेट खराब झाली असं उत्तमकाकांनी तिला सांगून टाकलेलं. तिच्या घरात सीतारामकाकांचा फोटो एकच, कारखान्याच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यात ते आरोपीसारखे दिसतात. माजिवड्याच्या बेताची कुणकुण लागताच ती ठेवणीतली पैठणी नेसून उत्तमकाकांच्या दारात उभी राहिली. काकांनी गाडीत जागा नाही, जिने फार आहेत, एसीने तुमचे गुडघे धरतील, सगळं सांगून पाहिलं. ती गाडीत जाऊन बसली.

वाटेत काकांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, “शंभर पोरं तिच्या नवऱ्याला हसणार आणि ती मधे बसणार. मी काय तोंड दाखवू गं तिला?” मी त्यांना धीर द्यायला हवा होता. पण मलाही तीच भीती होती.

क्लब हाऊस भरलं होतं. मारुतीकाका आधीच पुढच्या रांगेत येऊन पोरांबरोबर फोटो काढत होते, त्यांना आपण प्रसिद्ध का झालो याचा पत्ता नव्हता. सिनेमा सुरू झाला. भोंगा झाला, घड्याळं बघून झाली, गुलाब पडले. हसून हसून माझी पुरेवाट झाली, खोटं का बोलू. उत्तमकाका मात्र पडद्याकडे बघतच नव्हते. ते काकूकडे बघत होते.

मग आमचा सोफा आला आणि सोफ्यावर सीतारामकाका. त्यांनी छाती फुगवली, मुलीकडे बोट केलं आणि पाठ केलेलं सगळंच्या सगळं, कंसातल्या सूचनेसकट, म्हणून टाकलं, “चालती हो माझ्या घरातून, संतापाने थरथर कापत.” पोरं खुर्च्यांवरून घसरली. काकूने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. उत्तमकाका ताडकन उठले आणि त्यांनी ऋतुराजला सिनेमा बंद करायला लावला.  काका तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

रखमाकाकूने पदर खाली केला. तिला हसू आवरत नव्हतं. “भाऊजी, बंद कशाला केलंत? घरी पण असाच भांडायचा तो. आधी सांगायचा, रखमे, मी आता चिडलोय. मग चिडायचा. मला तर तिथंच हसू फुटायचं.”

पोरांनी टाळ्याच वाजवल्या. सिनेमा पुन्हा लागला. सीतारामकाका उठले, दाराशी गेले, कडीवर हात ठेवला आणि तिथून त्यांनी थेट कॅमेऱ्याकडे वळून विचारलं, “उत्तम, जमलं का रे?” जगनने हेही कापलं नव्हतं. याच वाक्याला कल्याणला शिट्ट्या पडल्या होत्या आणि उत्तमकाका मागच्या दाराने निघाले होते. मग दार उघडलं आणि मारुतीकाका आत आले.

काकू उभीच राहिली. तो शर्ट तिने स्वतः कापड आणून शिवलेला, आणि नवऱ्याने तो हरवला म्हणून त्याच्याशी आठवडाभर अबोला धरलेला. तिने पुढच्या रांगेतल्या मारुतीकाकांना तिथल्या तिथे विचारलं, शर्ट कुठाय. मारुतीकाका म्हणाले, वहिनी, काखेत उसवला, म्हणून सांगायचं धाडस झालं नाही. एवढी वर्षं बिचाऱ्या सीतारामकाकांनी बोलणी खाल्ली आणि मित्राचं नाव घेतलं नाही. पुढचा सिनेमा कुणीच धड पाहिला नाही, सगळे त्या शर्टावरच हसत होते.

संपल्यावर चहा आला. पोरं उत्तमकाकांभोवती जमली. काकूने ऋतुराजला हाक मारली.

“बाळा, ते सोफ्याचं परत लाव. पण दारापर्यंतच. पुढचं मारुतीचं नको.”

त्याने लावलं. सीतारामकाका चिडले, थरथर कापत असं म्हणाले, उठले, दाराशी गेले, कडीवर हात ठेवून वळले आणि विचारलं, “उत्तम, जमलं का रे?” ऋतुराजने चित्र तिथेच थांबवलं. उत्तमकाका चहाचा कप हातात घेऊन उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

“जमलं रे, सीताराम,” ते म्हणाले.

काकूने डोळे पुसले आणि ऋतुराजला अजून एकदा लावायला सांगितलं.