थोर बायकांची लग्नं

सनावळी पाठ करून घेणाऱ्या मास्तरांचा मला मनापासून राग होता, अजूनही आहे. लढाया आणि तह मी शाळेत पोपटासारखे घोकले आणि परीक्षा संपताच विसरले. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी बी.ए. होऊन नोकरीची वाट बघत घरी बसले होते, तेव्हा एकलहऱ्याच्या वसाहतीतल्या दोन बहिणींना घरी जाऊन इतिहास शिकवायचं काम आलं. पुस्तक मिटून ठेवायचं, चित्रं आणि चरित्रं यांवरच शिकवायचं, असं मी तिथं पाय ठेवण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

थोरली चौदाची, धाकटी अकराची. वडील वीजकेंद्रात फिटर, मूळचे निफाडकडच्या खेड्यातले. थोरली वयात आली आणि त्यांनी तिला शाळेतून काढलं, कारण पोरीला नाशिकरोडपर्यंत बसनं एकटीला पाठवायची त्यांची छाती होईना. तिच्यापाठोपाठ धाकटीही घरी बसली. पण माणूस वाईट नव्हता. सतरा नंबरचा फॉर्म भरून दोघींना बाहेरून मॅट्रिकला बसवीन, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

दर गुरुवारी मी एक चित्र घेऊन जायची. जुन्या कॅलेंडरवरचं, नाहीतर एखाद्या मासिकातून कापलेलं. त्या चित्रातल्या माणसाची गोष्ट सांगायची आणि मग मुलींनी वॉटरकलरनं स्वतःचं चित्र काढायचं, अशी आमची पद्धत. मुली म्हणून मी मुद्दाम बायकाच निवडल्या. मुलींची पहिली शाळा चालवणारी, समुद्रापार जाऊन डॉक्टर झालेली, नवऱ्यामागे राज्य सांभाळणारी. सांगताना माझ्या अंगात यायचं. त्यांची आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत ऐकायची. मी तिला वहिनी म्हणायची, पण चाळिशी उलटलेली बाई असं धरून चालले होते. ती कधी एक शब्द बोलली नाही.

थोरली मात्र प्रत्येक गोष्टीनंतर एकच विचारायची, "बाई, यांचं लग्न कितव्या वर्षी झालं?" मी सांगायची. आठव्या, नवव्या, अकराव्या. मला वाटायचं, वयच आहे तसं, लग्नाचं कुतूहल असणारच. धाकटी ते आकडे पाढ्यासारखे म्हणून दाखवायची आणि आम्ही हसायचो.

एका गुरुवारी वडिलांनी दारातच माझ्या हातावर पेढा ठेवला. "बाई, तोंड गोड करा. थोरलीचं जमलं. पुढच्या आठवड्यात सुपारी फोडायची."

पेढा मी तोंडात टाकलेला होता. तो हळूच रुमालात काढला.

"तुमचेच उपकार," ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले, तेच भयंकर होतं. "ती लय नाय नाय करत व्हती. मग धाकटीनं सांगितलं, का बाईंनी शिकवलेल्या समद्या थोर बायकांची लग्नं आठव्या-नवव्या वर्षी झाली. मी म्हटलं, बघ, लग्न करूनच मोठ्या झाल्या ना त्या? तुला तर चौदा सरलं! मग गप बसली."

मी कपाळाला हात लावायची तेवढी राहिले. आमची सगळी चित्रं, सगळ्या गोष्टी या माणसानं स्थळ जमवायला वापरल्या होत्या! मी म्हटलं, कायद्यात बसत नाही. ते म्हणाले, गावाकडं कोण इचारतं? मी म्हटलं, भाऊ, त्या बायकांना शिकवणारे नवरे मिळाले होते. ते म्हणाले, "ह्यो बी शिकवील की. बारावी झालाय. द्राक्षाचा बाग हाय." मी जे काढावं त्याला त्यांच्याकडं हसतमुख उत्तर तयार. थोरली खाली मान घालून बसली होती. मी तिच्याकडं बघूही शकले नाही. त्या दिवशी मी शिकवलंच नाही, तशीच उठले.

पुढच्या गुरुवारी जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले. सुपारी दोन दिवसांवर आली होती. वडिलांची दुसरी पाळी होती, ते घरीच होते. थोरलीनं मी बसायच्या आत एक चित्र पुढं सरकवलं. राज्य चालवणाऱ्या बाईचं होतं, पण कॅलेंडरवरच्यासारखं पांढरा पदर घेतलेलं, प्रौढ नव्हतं. लग्नाचं होतं. दोन माणसांनी अंतरपाट धरलेला. अलीकडं मुलगा. पलीकडं पाटावर उभी केलेली एक चिमुरडी, मुंडावळ्या घसरून डोळ्यांवर आलेल्या, हातातला हार लुगड्याच्या घोळात अडकलेला. धाकटीपेक्षाही लहान पोर. इतिहासात पहिला वर्ग घेऊन पास झालेली मी, पण 'आठव्या वर्षी' म्हणजे किती उंचीचं माणूस, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं.

वडील वाकून बघत हसले. "हे काय, बाहुलीचं लगीन काढलं का?"

"नाय, अण्णा. ह्या त्याच, कॅलेंडरवाल्या."

"त्या काळी तसंच व्हतं. तुझी आई बी आठचीच व्हती. एकवीस वर्सं झाली त्याला, झालं का काय वाईट?"

तेव्हा वहिनी उंबऱ्यातून उठून आल्या. तेवढ्यात मी मनात हिशेब केला आणि सुन्न झाले. ही बाई तिशीचीसुद्धा नव्हती! माझ्याहून जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठी. त्यांनी पाटावरच्या नवरीवर बोट ठेवलं.

"हिला उभी काढलीस, ते चुकलं. मी तर झोपलेली व्हते."

"कधी?" वडिलांनी विचारलं.

"मंगलाष्टकं चालली तवा. मुहूर्त लय उशिराचा व्हता. मामानं खांद्यावर धरलं व्हतं. शेवटाला त्यानं चिमटा काढून उठवलं, हार हातात दिला, मग अंतरपाट काढला."

वडिलांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. एवढी वर्षं संसार केलेला तो माणूस बायकोकडं कुणी नव्यानं ओळख करून दिल्यासारखा बघत राहिला. "मला कधी बोलली नाय तू," ते म्हणाले.

"तुमी कधी इचारलं नाय. आन मधी कापड व्हतं, तुमाला कसं दिसल?"

धाकटीनं थोरलीचा हात धरला. वडील उठले, खुंटीवरचा सदरा घातला, चपला पायात सरकवल्या. मला वाटलं, रागावले, आता सगळं बिनसलं. दारात पाठमोरेच उभे राहून ते म्हणाले, "मी गावाला जाऊन येतो. पाव्हण्यांना सांगून टाकतो, पोरगी शिकतीय म्हणून. पाळीवरनं कुनी इचारायला आलं तर सांगा, घरी काम निघालं."

ते गेल्यावर वहिनी चित्रापाशी खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी ब्रश उचलून थोरलीच्या हातात दिला.

"खाली झोपव तिला," त्या म्हणाल्या. "लय झोप आलीय तिला."