कसम आधी मोडा, मग जेवू घाला

आमचे बडे अब्बा कसम खाल्ल्याशिवाय साधा चहासुद्धा पीत नसत. "अल्लाकसम, साखर कमी आहे." "अल्लाकसम, हा पंखा आज पडते." पंखा कधी पडला नाही आणि साखर घातली की ती अल्लाकसम जास्त व्हायची. मोहल्ल्यातल्या मशिदीचे मौलवीसाहेब सांगायचे की सवयीनं तोंडातून निसटलेली कसम अल्ला धरत नाही. त्यावर आमची बडी अम्मी, म्हणजे बडे अब्बांची बायको, म्हणायची, "अल्ला मेहेरबान आहे म्हणून. माह्याकडे हिशोब असता तर यायले मी केव्हाच धरलं असतं."

बडे अब्बा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. नागपूरच्या संत्राबाजारात त्यांची अडत होती, आणि तिथं त्यांच्या शब्दावर माल उतरत असे. त्याचा त्यांना इतका अभिमान की चालतानासुद्धा ते स्वतःचा शब्द पुढं पाठवून मागून येत आहेत असं वाटे. माझे अब्बा कोराडीच्या वीजकेंद्रात फिटर. सकाळी स्टाफबसनं जायचे, संध्याकाळी राखेनं पांढरे होऊन परत यायचे आणि आल्याबरोबर थोरल्या भावाची थट्टा सुरू करायचे. दोन घरं, मध्ये एक अंगण. बोली अर्धी गावाकडची वऱ्हाडी, अर्धी हिंदी, आणि भांडणात दोन्ही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटला तेव्हा आभाळ गच्च भरलेलं होतं. दोघे भाऊ गच्चीवर ईदचा चंद्र शोधत होते. एकाएकी बडे अब्बा ओरडले, "दिसला! अल्लाकसम दिसला!" आणि अब्बांची वाट न बघता मशिदीत जाऊन त्यांनी ग्वाही दिली. मौलवीसाहेब म्हणाले, ईदच्या चंद्राला एक साक्षीदार पुरत नाही, दोन पाहिजेत. बडे अब्बांनी मागं वळून रुबाबात हात केला. "हा काय माझा भाऊ. माझ्या बाजूलेच उभा होता."

सगळी मशीद अब्बांकडं बघू लागली. चंद्राची खोटी ग्वाही म्हणजे साऱ्या गावाचा रोजा बुडवणं, ते काही अब्बांना जमणार नव्हतं. पण खरं सांगायच्याही दहा तऱ्हा असतात, आणि आमच्या अब्बांना नेमकी थट्टेची तऱ्हा सापडायची.

"भाईजान," ते म्हणाले, "चंद्र निघते पश्चिमेले. तुम्ही पाहून राहिले होते उत्तरेले. तो आमच्या कोराडीच्या चिमणीवरचा लाल दिवा होय. त्याचा बल्ब आमच्याच सेक्शननं बदलला."

मशिदीत हसू नये म्हणतात. त्या दिवशी भिंतीसुद्धा हसल्या असतील. दुसऱ्या दिवशी तिसावा रोजा झाला, तिसऱ्या दिवशी ईद झाली. नमाजानंतर अब्बा गळाभेटीला पुढं आले, तेव्हा बडे अब्बांनी छातीवर हात ठेवला आणि अंगणभर लोकांसमोर म्हटलं, "अल्लाकसम, आजपासून तुह्या घरात मी पाय ठेवणार नाही."

ही निसटलेली कसम नव्हती. ही पंख्याची आणि साखरेची नव्हती. बडी अम्मीच्या हातातला शिरखुर्म्याचा वाडगा तिथल्या तिथं थांबला.

मग सुरू झाली पायांची कहाणी. कसम घरात पाय न ठेवायची होती, अंगणाची नव्हती, न बोलायची तर मुळीच नव्हती. बडे अब्बा आमच्या दारासमोर खुर्ची टाकून बसत आणि आमचाच चहा पीत. त्यांच्या घरी रेडिओ नव्हता, आमच्याकडं होता. बातम्यांच्या वेळी ते दाराच्या चौकटीला धरून कमरेपासून वरचं सगळं शरीर आत झुकवत आणि पाय बाहेर ठेवत.

"भाईजान," अब्बा म्हणत, "पाय बाहेर हायेत, पण बाकीचा माणूस तर पुरा आत आला."

"माणसाची कसम नव्हती. पायाची होती."

अब्बांना एकदा ताप भरला. सगळी संध्याकाळ बडे अब्बा दारात उभे राहून सरदारासारखे हुकूम सोडत होते. "पट्टी बदला. खिडकी उघडा. बंद करा. उघडा!" डॉक्टर आले तर त्यांना वाट द्यायला बाजूला झाले आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "जीभ पाहा त्याची, लहानपणापासून खराब आहे." आम्ही हसलो. पण डॉक्टर गेल्यावर ते कितीतरी वेळ तसेच चौकट धरून उभे होते, आणि पलंग त्यांच्यापासून चार हातांवर होता.

त्या हिवाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा यवतमाळकडचा, मास्तर. आमच्यात निकाहाच्या वेळी नवरी बैठकीत येत नाही. तिचा वकील दोन साक्षीदारांना घेऊन आतल्या खोलीत जातो, तिला विचारतो, तिचा होकार घेऊन बाहेर काझीसाहेबांना सांगतो. वकील म्हणजे बहुधा घरातलाच वडीलधारा माणूस. मी सांगून टाकलं, "माझे वकील बडे अब्बा. दुसऱ्या कोणाले मी हो म्हणणार नाही."

अम्मी घाबरली. अब्बा उसळले. "मी काही त्यायच्या पाया पडणार नाही! मी काय त्यायचा चंद्र गिळला?"

"तुम्ही पडू नका," मी म्हटलं. "ते ठेवतील पाय आत."

बडी अम्मीनं मग मौलवीसाहेबांनाच अंगणात आणून बसवलं. ते मूळचे दूर उत्तरेकडचे, पण आमच्या मोहल्ल्यात राहून राहून त्यांच्या लखनवी अदबीलाही वऱ्हाडी पाणी लागलेलं. मी पडद्यामागं तांदूळ निवडत होते, आणि त्या दिवशी तांदळात खडे फार निघाले, कारण मला उठायचंच नव्हतं.

"चंद्र दिसला ही तुमची कसम माफ आहे," मौलवीसाहेब म्हणाले. "तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं. जाणूनबुजून खोटी खाल्ली असती तर मोठा गुन्हा होता. पण 'घरात पाय ठेवणार नाही' ही पुढची कसम आहे, मनापासून खाल्लेली. ही पकडली जाते."

"म्हणूनच पाळून राहिलो!" बडे अब्बा छाती फुगवून म्हणाले.

"म्हणूनच मोडा. सख्ख्या भावापासून तोडणारी कसम पाळण्यात सवाब नाही, पुण्य नाही. मोडा आणि कफ्फारा द्या."

बडी अम्मीला वेगळीच युक्ती सुचली. "मौलवीसाहेब, यायले खुर्चीसकट उचलून आत नेलं तर? पाय तर जमिनीले लागत नाही."

"घोड्यावर बसून गेले तरी गेलेच," मौलवीसाहेब शांतपणे म्हणाले. "पाय ठेवणार नाही म्हणजे आत जाणार नाही. लोक बोलतात तसाच अर्थ धरायचा."

कफ्फारा म्हणजे मोडलेल्या कसमेची भरपाई. दहा मिस्किनांना, म्हणजे खरोखरच्या गरिबांना, दोन वेळ पोटभर जेवू घालायचं, किंवा दहा जणांना कपडे द्यायचे. ज्याला हे झेपतच नाही त्यानं तीन रोजे ठेवायचे.

"रोजे!" बडे अब्बा खुलले. "रोजे ठेवतो मी. कोणाले दिसतही नाही."

"तुमच्या अडतीत संत्र्यांचे डोंगर आहेत. तुम्हाला रोजे चालत नाहीत. जेवू घाला."

बडे अब्बा हो म्हणाले, आणि मला वाटलं, झालं. पण ते बाजारात वाढलेले होते. निकाहाच्या चार दिवस आधीच त्यांनी मनाशी सौदा ठरवला: आधी दहा जणांना जेवू घालायचं आणि मग स्वच्छ हातांनी भावाच्या घरात जायचं.

आता दहा गरीब आणायचे कुठून? तुम्हाला वाटेल नागपुरात काय तोटा. पण आमच्या मोहल्ल्यात जाऊन कोणाला 'तू गरीब आहेस का' असं विचारून पाहा! टांगेवाला म्हणाला, "मी गरीब? माह्या घोड्याची झूल पाहा अगोदर." शिंप्यानं तर दुकानातून बाहेर येऊन सुनावलं, "माह्याकडे दोन मशिनी चालून राहिल्या, चाचा, तुम्हीच या जेवाले." इकडं बडी अम्मीच्या दालगोश्ताचा वास गल्लीभर सुटला, तेव्हा कापडाचे एक गलेलठ्ठ व्यापारी डोकावून गेले की एखादा मिस्कीन कमी पडत असेल तर सांगा. शेवटी बडे अब्बांनी कोणाला काही विचारायचं सोडलं आणि दर्ग्याबाहेर बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हात जोडून बोलावून आणलं. सकाळी तेच दहा, संध्याकाळी तेच दहा. बडे अब्बा स्वतः वाढत होते. कोणी 'बस' म्हटलं तर "अल्लाकसम, अजून एक" म्हणून वाढत होते, आणि बडी अम्मी मागून, "कसम नका खाऊ, त्याचाही कफ्फारा लागन!"

संध्याकाळची पंगत उठत होती तेव्हा मौलवीसाहेब नमाज आटोपून आले. त्यांनी आनंदानं विचारलं, "म्हणजे भावाच्या घरी जाऊन आलात तर!"

"अजून कुठं? निकाहाच्या दिवशी जाईन. हे आगाऊ. बाजारात आम्ही माल उचलायच्या आधी बयाणा देतो."

मौलवीसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, बघितली, परत घातली. "इथं बयाणा चालत नाही, मियाँ. कसम मोडलीच नाही तर भरपाई कसली? हे जेवण म्हणजे खैरात झाली, त्याचा सवाब तुम्हाला मिळेल. कफ्फारा राहिलाच. आधी कसम मोडा, मग जेवू घाला."

हात धूत असलेल्या एका आजोबांनी तेवढ्यात अदबीनं विचारलं, "मग आम्ही अजून एकदा यायचं का, साहेब?"

आम्ही पडद्यामागं ओढणी तोंडात कोंबली. अब्बा आमच्या दारातून दाद दिल्यासारखे खोकले. पण बडे अब्बा हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "म्हणजे पयले गुन्हेगार व्हावं लागते."

"हो," मौलवीसाहेब म्हणाले. "चूक मान्य केल्याशिवाय तौबाचं दार उघडत नाही. आधीच भरपाई करून, चुकलोच नाही म्हणत आत शिरता येत नाही."

बडे अब्बा उठून आपल्या घरात गेले आणि त्यांनी कडी लावली.

निकाहाचा दिवस आला. अंगणात मांडव, बैठकीत काझीसाहेब, आतल्या खोलीत मी लाल ओढणीखाली, भोवती बायकांचा गराडा. वकिलाची वेळ झाली. दोन साक्षीदार खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले, आणि त्यांच्यामागं कोणीच नाही.

मग अंगणाकडच्या खिडकीचा पडदा हलला. शेरवानी, अत्तर, आणि गजांमधून बडे अब्बांचा चेहरा. पाय अर्थातच बाहेर.

त्यांनी घसा खाकरला. मुलाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, मेहेरची रक्कम, सगळं रीतसर म्हणून विचारलं, "बेटी, हा निकाह तुले कबूल आहे का?"

आता इथं आमच्या रीतीतली एक अडचण सांगायला हवी. नवरी लाजून गप्प राहिली तर तो होकार धरतात. म्हणजे मी नेहमीच्या नवरीसारखी मान खाली घालून बसले असते, तर खिडकीतूनच लग्न लागलं असतं, बडे अब्बा खिडकीतूनच परत गेले असते, आणि दोन भावांमधला तो उंबरठा जन्मभर तसाच राहिला असता. माझ्या बाजूला बडी अम्मी कुजबुजत होती, "गप्प राय वं, गप्प राय."

मी मोठ्यानं म्हटलं, "ऐकू नाही आलं."

खोलीतल्या बायकांच्या बांगड्या एकदम थांबल्या. नवरी बोलली!

बडे अब्बांनी आवाज चढवून पुन्हा विचारलं. मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं असेल.

"अजून नाही ऐकू आलं."

"बहिरी झाली काय वं तू?"

"खिडकीतल्या माणसाले मी वकील केलंच नव्हतं," मी म्हटलं. बैठकीत कोणीतरी विचारत होतं की मुलीच्या मनात दुसरं काही तर नाही ना.

तेवढ्यात अब्बा बैठकीतून उठून आले. मला वाटलं, आता मला ओरडणार, नाहीतर भावाला काहीतरी टोचून बोलणार. ते आमच्या घराच्या दारापाशी गेले, पडदा हातानं बाजूला धरला आणि बाहेर बघत म्हणाले, "भाईजान, त्या दिवशी मी तुम्हाले गच्चीवर सांगाले पाहिजे होतं. मशिदीत नाही. मलेही ते खातच आहे."

खिडकीत चेहरा नव्हता. मग दाराशी जोडे काढल्याचा आवाज आला, एक, आणि मग दुसरा. बडे अब्बा उंबरठ्यावर थांबले. "तौबा, या अल्ला, तौबा," त्यांनी ओठांतल्या ओठांत म्हटलं, अब्बांच्या खांद्याचा आधार घेतला आणि आत पाय ठेवला.

ते येऊन माझ्या शेजारी तक्तपोसावर बसले. पुन्हा सगळं म्हणायला लागले तेव्हा मुलाच्या वडिलांचं नाव विसरले आणि साक्षीदारांना सांगावं लागलं. "बेटी," त्यांनी विचारलं, "कबूल आहे का?" आवाज इतका लहान होता की या वेळी खरंच नीट ऐकू आला नाही.

"कबूल आहे," मी म्हटलं.

ते उठेनात. भिंतीकडं बघत होते, रेडिओकडं, अब्बांच्या पलंगाकडं, जसा एखादा पाहुणा फार दुरून आला आहे. एका साक्षीदारानं त्यांच्या बाहीला हात लावला. "चला, चाचा. काझीसाहेब वाट पाहून राहिले."

"थांब गा जरा," बडे अब्बा म्हणाले. "आत्ताच तर आलो मी."