सगळ्यांनी डोळे मिटा

ठाण्यापासून कल्याणपर्यंत आमच्या साडूंइतका माणसांचा छळ सरकारच्या कोणत्याही खात्याने केला नसेल, आणि तोही इतक्या प्रेमाने. ते कल्याणला रेल्वेच्या गुदामात कारकून होते. पण कारकुनी हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. खरा उद्योग म्हणजे चित्रे काढणे, लाकडे ठोकून काहीतरी उभे करणे आणि ज्यातून आवाज निघेल ते वाजवणे. एवढ्यावर थांबते तर मी त्यांना संत म्हटले असते. पण केलेली वस्तू कोणाला तरी दाखवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे, आणि कल्याणातले लोक त्यांना पाहून वाट बदलत. म्हणून दर रविवारी ते जुन्या धोतरात काहीतरी गुंडाळून आगगाडीने ठाण्याला आमच्या घरी येत. आल्याबरोबर पहिला हुकूम, "सगळ्यांनी डोळे मिटा." हातातले काम टाकून घरादाराने डोळे मिटायचे. मग खुडबुड, खोकणे, एखादा ठोका, आणि "उघडा!"

उघडल्यावर काय दिसेल याचा नेम नसे. एकदा माझ्या कैलासवासी वडिलांचे चित्र निघाले. मिशा वडिलांच्याच होत्या, बाकी गृहस्थ आमच्या ओळखीचे नव्हते. "नीट बघा, हळूहळू दिसतील," साडू म्हणाले. आजतागायत दिसले नाहीत. एकदा घडीची खुर्ची आणली. नेमके त्याच दिवशी आमच्या कचेरीतले शिरस्तेदार घरी यायचे होते आणि माझी बढती त्यांच्या हाती. ते बसले, खुर्चीने घडी घेतली आणि शिरस्तेदार आत! बढतीचे पुढे काय झाले ते विचारू नये. साडू मात्र आनंदात: "बघितलंत? कशी चटकन मिटली!"

"यापुढे रविवारी मी घरी नसतो म्हणून सांग," मी बायकोला बजावले. ती म्हणाली, "भावोजींना नाही म्हणायचं तर इकडूनच म्हणावं. मला नाही जमायचं." मलाही जमले नाही.

एका वर्षी आमच्या पाच दिवसांच्या गणपतीचे मखर त्यांनी अंगावर घेतले. ओसरीची वखार झाली. घरातल्या सगळ्या काशाच्या वाट्या नाहीशा झाल्या आणि आम्ही आमटी द्रोणातून ओरपू लागलो. मी रोज दात-ओठ खात होतो. पण चतुर्थीच्या संध्याकाळी डोळे उघडले तेव्हा, खोटे कशाला बोलू, मी आमटीचे द्रोण विसरलो. मागे रंगवलेली खाडी आणि गलबते, वर घागरीतून पडणारी पाण्याची धार, त्या धारेवर फिरणारे चक्र, आणि चक्राच्या काड्या वाट्यांवर पडून चक्क आरतीची चाल वाजत होती. दोनच ओळी वाजत, तिसरीला पाणी संपे. तरी सगळी आळी लोटली. शिरस्तेदारसुद्धा आले, फक्त बसले नाहीत. साडू दाराशी उभे राहून प्रत्येकाला डोळे मिटायला लावत होते. "विसर्जन झालं की हे असंच्या असं बैलगाडीत घालून कल्याणला नेणार," ते मला म्हणाले. "आमच्या गुदामातल्यांनी एकदा बघायला हवं. मग हसा म्हणावं."

पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली, मी मूर्ती उचलायला पुढे झालो आणि तिथेच थांबलो. चतुर्थीला सकाळी मूर्ती बसवून झाल्यावर, शोभा कमी पडते म्हणून, साडूंनी पुढून एक कमान ठोकली होती. घागर, चक्र, वाट्या, सगळा भार त्या कमानीवर. आणि तिच्यातून गणपतीचा मुकुट काही केल्या बाहेर येईना.

"जरा आडवी करून काढू या," शेजारी म्हणाले.

"देव म्हणजे काय कपाट आहे?" भटजी गरजले. "आटपा, मला अजून अर्धी आळी उरकायची आहे."

माझा संयम सुटला. "अहो, देवाला कोंडलंत तुम्ही! मापं तरी घ्यायची होती!"

"घेतली होती," साडू म्हणाले, "आत बसवताना."

कोणीतरी करवत आणली. मी हात पुढे केला, पण साडूंनी ती आपल्याकडे घेतली. मग नेहमीपेक्षा बऱ्याच हळू आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी डोळे मिटा."

आम्ही मिटले. भटजींनीही मिटले. करवत चालू झाली. मग एकेक वाटी आपापल्या सुरात फरशीवर पडली. "उघडा" यायला फार वेळ लागला. मूर्ती साडूंच्या हातात होती आणि मुकुटावर लाकडाचा भुसा होता. माझा राग कुठे गेला कोण जाणे, मी वाकून वाट्या गोळा करू लागलो.

मूर्ती त्यांनीच तळ्यापर्यंत नेली. पाण्याशी पोचल्यावर म्हणाले, "पुढल्या वर्षी कमानीला बिजागऱ्या लावू. आणि घागर मोठी घेऊ, म्हणजे तिसरी ओळ पण येईल."

पुढल्या वर्षी गणपती आले. साडू आषाढातच तापाने गेले होते. कल्याणच्या लोकांनी ते मखर कधी पाहिलेच नाही. आता आमचे मखर म्हणजे केळीचे चार खुंट. देव अलगद बाहेर येतो, भटजी खूश असतात, वाट्या फडताळात जागच्या जागी असतात. गेल्या खेपेला उत्तरपूजा झाली आणि मूर्ती उचलण्याआधी, सवय म्हणा, मी डोळे मिटले. 'उघडा' म्हणणारे आता कोणी नाही हे ध्यानात यायला बराच वेळ लागला. शेवटी माझे मीच उघडले. शेजारी बायको उभी होती. तिचे अजून मिटलेलेच होते.