ठेवलेलं अपेंडिक्स

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका खानावळीत अंबुबाई भाकरी थापते. बोलायला फटकळ, आणि डॉक्टर म्हटलं की तिचं डोकं फिरतंच. अठ्ठाविसाव्या वर्षी एका डॉक्टरानं कॅन्सरची भीती घालून तिची गर्भपिशवी काढली. पुढं तपासणीत ती पिशवी धडधाकट निघाली. तेव्हापासून कंबर धरून जगलेली बाई कुणावर विश्वास ठेवणार?

मुलगी एकच, रुद्राणी. एकोणीस वर्षांची, तिथल्याच कारखान्यात पॅकिंगला. गेल्या वर्षी तिच्या पोटात उजवीकडे कळा उठल्या. अपेंडिक्सच असणार म्हणून सोलापूरच्या सर्जननं दुर्बिणीतून ऑपरेशन करायला घेतलं आणि थोड्या वेळानं तो हिरव्या कपड्यांतच बाहेर आला.

"मावशी, बीजकोशाची गाठ फुटली होती, ती साफ केली. अपेंडिक्स चांगलं दिसतंय. काढू का ठेवू? चांगलं दिसणारंही कधी आतून बिघडलेलं असतं. काढण्यातही थोडा धोका आहेच. पोरगी गुंगीत आहे, तुम्ही सांगा."

"चांगलं हाय न्हवं? मग हात लावू नका. माझं चांगलं काढून बसले की एकदा!"

सर्जननं ऐकलं, कागदावर तसं लिहूनही दिलं. पण खानावळीत, नात्यागोत्यात सगळे त्याला 'अपेंडिसचं ऑपरेशन'च म्हणत. हळूहळू अंबुबाईही तसंच म्हणू लागली.

आठ महिन्यांनी दोघी वैरागला अंबुबाईच्या भावाकडं गेल्या असताना रुद्राणी पुन्हा पोट धरून बसली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय का?"

"व्हय, झालंय की. सोलापुरात."

"आई, पण ते..." रुद्राणी कण्हत म्हणाली.

"तू गप पड. डॉक्टरांना बघू दे."

पोर गुणाची. आईपुढं दुसऱ्यांदा बोलली नाही. डॉक्टरांनी पोटावरचे तीन बारीक व्रण पाहिले, अपेंडिक्स काढलेलंच आहे असं धरलं आणि पित्ताचं इंजेक्शन दिलं. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सोलापूरला आणलं तेव्हा अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरला होता. रुद्राणी गेली.

नातेवाईक म्हणतात, तेव्हाच काढू द्यायचं होतं. सर्जन म्हणाला, तुमचा तो निर्णय चुकीचा नव्हता. अंबुबाई दोघांचंही ऐकून घेते. ठेवायला सांगितलं ते बरोबरच होतं, यासाठी ती देवाशीसुद्धा भांडेल. पण पोर खरं सांगायला लागली होती, आणि तिला गप केलं ते आईनंच.